कुंपणापलीकडचा हातपंप

आई,
इथूनच वाकून नमस्कार करते.

मी बरी आहे, जेवणही वेळेवर होतं. सध्या आम्ही एका बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याची जमीन तपासतोय. जुने नकाशे बघायचे, संशय येईल तिथे खोल भोक पाडायचं, आणि माती-पाणी बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत पाठवायचं. हातमोजे घालते, उगाच काळजी करू नकोस.

कुंपणापलीकडे एक आजी राहतात. त्यांच्या हातपंपाचं पाणीही तपासायला घेतलं. "पोरी, प्यायला चांगलं आहे ना?" त्यांनी विचारलं. अहवालाआधी काही बोलायचं नाही, असं आमच्या साहेबांनी बजावलं होतं. पण कारखान्याच्या मातीला येणारा रसायनांचा वास नाकातून जाईना. "तोवर नळाचं आणून प्या," मी म्हणाले. साहेब रागावले.

काल अहवाल आला. पाण्यात विष उतरलंय. आजींनी स्वतःबद्दल काहीच विचारलं नाही. "नात लहानपणापासून हेच पितेय गं," एवढंच म्हणाल्या. उद्या तिचं रक्त तपासायला मी सोबत जातेय. गाडी साहेबांनीच दिली.

बाबांचा खोकला थांबला का? आपल्या बोअरवेलशेजारी नवी शेड झाली म्हणालीस. तिथे काय बनतं, ते विचारून कळव. सहजच विचारतेय.

तुझीच,
धाकटी