सुलाबाईचा कडू घास

विटा, जि. सांगली
दि. ४ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. सृष्टीस आईचा पोटभर आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू रडतीस, मग मी रडते, आणि बोलायचं ऱ्हाऊन जातं. म्हणून काठमांडूत सोनं गाळायचं दुकान चालवणारे आपले दादासो, त्यांच्या हाती ही चिठ्ठी देते.

तुझा सासरा गेल्याचं कळलं आणि मी तीन दिवस रेल्वेत, एस्टीत अंग मोडून तुझ्याकडं आले. बघते तर नवराज, माझा जावई, कोपऱ्यात गवतावर पांढरं फडकं गुंडाळून बसलेला. कुणी जवळ जाईना, कुणी हात लावंना. बाप मेलेल्या लेकराला असं टाकतात व्हय? तुझे आबा गेले तवा शेजारच्या कोंडीबाच्या बायकोनं मला कडू घास भरवला, म्हणून मी उठून बसले. तसाच मी त्याला भरवला. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, दुसरं काय? तर तुझ्या सासूनं किंकाळी फोडली आणि माझं भाकरीचं फडकं अंगणात भिरकावलं. आमी मेंढरामागची माणसं, म्हणून आमच्या हाताचा इटाळ का? लय लागलं गं जिवाला.

तुला सहावा लागलाय. बाळंतपणाला इकडं ये. मी काय तिथली पायरी चढायची न्हाई.

जीव लावतीस तसाच लाव.
तुझी आई

काठमांडू
दि. १८ फेब्रुवारी २०२४

ती. आईस सृष्टीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझी चिठ्ठी वाचून दोन दिवस कशात लक्ष नव्हतं. आई, जातीचं काही नव्हतं गं. इथं बाप गेला की मुलानं तेरा दिवस वेगळं बसायचं, स्वतः शिजवलेलं एकदाच खायचं, तेही अळणी. कुणी शिवायचं नाही. बायको असून मलाही मनाई होती. त्यात तू मिठाची चटणी थेट तोंडात घातलीस! मी वर पाणी तापवत होते. तुला दारातच सांगायला हवं होतं, ते राहिलं. पुरोहितांनी सगळे दिवस पुन्हा पहिल्यापासून धरायला लावले. नवराजची पार काडी झालीय.

तोंड का फिरवलं नाहीस, असं मी त्याला विचारलं. म्हणाला, तुझी आई तीन दिवसांची वाट तुडवून आली होती, तिचा हात मागं लोटवेना.

सासूबाईंना वाटतं, तू अचानक घास कोंबलास. ती बाई इथं नको आणि सून तिकडं नको, असं साफ सांगितलंय. आई, तू जवळ नसशील तर मला भीती वाटते. राग आवर आणि त्यांना चार ओळी लिही.

मायेची वाट पाहणारी,
सृष्टी

विटा
दि. २ मार्च २०२४

विहीणबाईंस सुलाबाईचा हात जोडून रामराम. वि. वि.

दादासो हे तुमाला तुमच्या भाषेत सांगतील. चूक माझी हाय, पुरी माझी. तुमची रीत मला ठावं न्हवती. मला वाटलं, पोराला कुणी इचारत न्हाई. खरं तर आत तुमी एकट्या बसला हुता आणि मीबी तुमाला इचारलं न्हाई. नवऱ्यामागं घर कसं खायला उठतं, ते मला म्हाईत हाय.

जावईबापूंवर कसलाबी राग धरू नका. लय गुणाचं लेकरू. नेम मोडतोय हे ठावं असून त्यानं माझा हात मागं लोटला न्हाई. असं पोर तुमी वाढवलंत. माझ्या लेकीच्या बाळंतपणाला तेवढी पायरी चढू द्या. सांगाल तेवढंच करंन.

पदरात घ्यावं.
सुलाबाई

काठमांडू
दि. १५ मार्च २०२४

ती. आईस सृष्टीचा नमस्कार. वि. वि.

दादासोंनी तुझं पत्र शब्दन्‌शब्द वाचून दाखवलं. सासूबाई रडल्या. तू त्यांच्याबद्दल लिहिलंस तेवढं पुन्हा वाचायला लावलं. म्हणाल्या, तिला ठाऊक नव्हतं, माझा तिच्यावर राग नाही, तिला बोलावून घे.

मग नवराजला समोर बसवून एकच विचारलं, तुला ठाऊक होतं ना? त्यानं मान हलवली. देवा, तेवढ्यापुरतं तरी तो खोटं बोलायला हवा होता! त्या म्हणाल्या, सासूचा हात लोटवला नाही, पण बापाचा नेम मोडवला. तेव्हापासून त्याच्याशी अक्षर बोललेल्या नाहीत. तो ताटावर बसला की उठून जातात.

तू स्वतःला बोल लावू नकोस. तुझा हात त्याला लोटवला नाही, हे तुला कळवलं मीच.

आई, तू ये. वरची खोली सासूबाईंनी स्वतः झाडून तुझ्यासाठी तयार ठेवलीय. नवराज परवापासून दादासोंच्या दुकानात झोपतो.

माया कमी करू नकोस.
तुझी सृष्टी