ठमी कशी रडते

४ ऑगस्ट, सोमवार
सरांनी आज सगळ्यांसमोर तालीम थांबवली. "बोबडं बोललं म्हणून कोणी मूल होत नाही! चाळिशीतली बाई दिसतेस, डोक्याला रिबीन बांधलेली." नेपथ्यवाला खो खो हसला.
नाटकातली मुलगी सात वर्षांची. स्टेशनवर आईची वाट बघते, आई येत नाही. माझ्या पावणेपाच फुटांमुळे ही भूमिका मिळाली, हे मलाही ठाऊक आहे. पण आयुष्यातली पहिली मुख्य भूमिका. सोडणार नाही!
"मुलं बघ," सर म्हणाले. "नुसती बघ."

६ ऑगस्ट
बागेत दोन तास, वही घेऊन. घसरगुंडीवरून एक पोरगा पडला. मी उठले नाही, लिहीत राहिले — आधी गुडघा बघतो, मग कोण बघतंय ते. रखवालदार आला. "तुमचं मूल कुठलं?" म्हटलं, एकही नाही. हाकललं मला.

७ ऑगस्ट
ताईकडे गेले. म्हटलं, ठमीला शाळेतून मी आणत जाईन, तुझी ड्युटी संपेपर्यंत सांभाळीन. ताईच्या डोळ्यांत पाणीच आलं. "एवढा वेळ आहे का गं तुला?"
भाची सात पूर्ण. अगदी मापाची!

१२ ऑगस्ट
शाळा सुटली तेव्हा समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभी राहिले. पंचवीस मिनिटं. ठमी फाटकाशी. रडली नाही! मोजे वर ओढले. पुन्हा ओढले. शिपायाकडे बघून हसली, उगाच, मोठ्या माणसासारखी. शेवटची बस गेल्यावर दप्तर पोटाशी धरलं. मी रस्ता ओलांडला, तिने मला बघितलं — तेव्हा कुठे रडली.
मूल हरवल्यावर रडत नाही, सापडल्यावर रडतं. हे कोणी सांगितलं नव्हतं!
"मावशी, तू मला विसरलीस?"
"कामात होते गं."

१३ ऑगस्ट
तालमीत मोजे ओढले. सर जवळ आले. मग हळूच, "पुन्हा कर." नेपथ्यवाल्याने हातोडी खाली ठेवली.

१९ ऑगस्ट
दुसऱ्या अंकात वाट बघून भागत नाही. आई येणार नाही हे तिला कळतं, तो क्षण सरांना हवा.
म्हणून ठमीला सांगितलं. दुधाचा पेला हातात दिला आणि सांगितलं — आई आता येणार नाही. दुसरीकडे राहायला गेली. 'मला ठमी नको' म्हणाली. आवाज मऊ ठेवला.
ओरडली नाही. ओठावर दुधाची मिशी तशीच. बराच वेळ पेल्यात बघत राहिली, मग म्हणाली, "माझा डबा कोण भरणार?"
वही मांडीवरच होती. शब्द न् शब्द उतरवला. मगच म्हटलं, अगं वेडे, गंमत केली! हसली. हनुवटी मात्र थरथरत होती. डावीकडून सुरू होते.

२० ऑगस्ट
डब्याचं वाक्य सरांनी नाटकात घेतलं. "सुचलं कसं तुला?"
"सुचलं."

२४ ऑगस्ट, रविवार
ठमी अंथरूण ओलं करायला लागली आहे. ताई कामाला निघाली की तिचा हात सोडत नाही. "शाळेत काही झालं असेल का गं?" म्हटलं, विचारून बघते.
"तुझ्यापाशी तेवढी गप्प असते बघ."
वाईट वाटलं. संध्याकाळपर्यंत.

३० ऑगस्ट
ताईला सुट्टी होती, दोघी तालीम बघायला आल्या. मी डब्याचं वाक्य म्हटलं. ठमी खुर्चीवरून उठून उभी राहिली. माझ्याकडे बघतच राहिली, तोंड मिटून.
सर माझ्याकडे बघतच नव्हते. तिच्याकडे बघत होते.

१ सप्टेंबर
सर म्हणाले, "तुझं काम चोख आहे, पण ती पोरगी खरी आहे. वाईट वाटून घेऊ नकोस. तू आई कर." आई! पहिल्या प्रवेशात दोन मिनिटं, मग थेट नमस्काराला.
ताई हरखून गेली आहे. "तुझ्यामुळेच गं!" मिठीच मारली. मीही मारली.

५ सप्टेंबर
ठमीला सगळं पाठ. फक्त रडत नाही. चार दिवस झाले. प्रयोग आठ दिवसांवर.
आज सर माझ्यापाशी आले. "तू मावशी तिची. कशाने रडते ही, तुला माहीत असेल."
ताई पहिल्या रांगेत बसली होती, लेकीकडे कौतुकाने बघत.
म्हटलं, "आधी तिच्या आईला बाहेर पाठवा."