दोराचं दुसरं टोक

तारामती मावशींना,
शिरूर अनंतपाळहून मल्लिनाथचा शरणार्थ.

तुम्ही भोकरहून पाठवलेले तिळाचे लाडू पोचले. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंय, "माझ्या बालाजीला बर्फातून जिता आणलास. पुढच्या मोहिमेत तू त्याच्या दोराला असशील, तरच त्याला सोडते." तेव्हापासून लाडू तसेच डब्यात हायेत.

मावशी, बर्फाच्या चकाकीनं दोन दिवस डोळे माझे गेले होते. आदल्या दिवशी फोटोसाठी काळा चष्मा मीच काढला होता. शिखर तासाभरावर असताना बालाजी माघारी फिरला. मला दोराला बांधून, "डावा पाय, आता उजवा," करत त्यानं तळापर्यंत आणलं. आन् तिथं सगळ्यांना सांगितलं, "मी आजारी पडलो, मल्लूनं आणलं. मला सावरताना त्याचा चष्मा पडला." मी डोळ्यांवर पट्टी बांधून गप पडून होतो.

असं का सांगितलंस विचारलं, तर म्हणतो, "आजारी पडणाऱ्याला माफ असतंय, चष्मा काढणाऱ्याला न्हाई. पुढच्या मोहिमेतनं तुझं नाव कापलं असतं."

मला काहीच उमजंना. खरं सांगितलं तर त्याचा शब्द मोडतो, आन् तुम्ही त्याला जाऊ देणार न्हाई. गप बसलो तर तुम्ही पोराला माझ्या भरवशावर पाठवू लागल्यात.

काल त्याला फोनवर विचारलं, "मावशीला सांगू का?" तो म्हणाला, "सांग. पण मल्ल्या, या बारीला चष्मे दोन घे."

तुमच्या पोरानं जिता आणलेला,
मल्लिनाथ