जिवंतपणी दिलेलं नाव

विनिपेग,
१४ नोव्हेंबर १९५८

प्रिय लाझर,

तुला आणि घरच्यांना शालोम. इथे सगळं ठीक आहे. बर्फ गुडघाभर साचलंय, आणि मी कोटांच्या कारखान्यात अजून बाह्याच शिवते आहे.

मुलगी झाल्याचं तुझं मॉन्ट्रियलहून आलेलं कार्ड मिळालं. अभिनंदन. पण नाव अ‍ॅनेट? अरे, हात तरी कसा धजला तुझा?

"फ्रेंच नाव आहे, बायकोला आवडलं," असं लिहितोस. मला शिकवू नकोस! पोलंडात आई हान्का होती, रशियन कागदांवर आन्ना. या देशात उतरलो तेव्हा बंदरावरच्या कारकुनाने तिची अ‍ॅनी करून टाकली. सगळ्या हाकांना ओ देणारी बाई एकच. मूळ आपलं हिब्रू हन्ना, देवाची कृपा. त्याला फ्रेंच शेपूट लावलं म्हणून ते परक्याचं होत नाही. आणि जिवंत माणसाचं नाव बाळाला ठेवणं म्हणजे त्या माणसाला 'आता तू नीघ' म्हणणं, हे आपल्यातलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. आई मेलेली हवी आहे का तुला?

हे लिहायचं नव्हतं. आईनेच बजावलं होतं, "बाळंतिणीच्या घरात काळजी नको, लाझरला कळवू नकोस." तिच्या पोटात गाठ आहे. डॉक्टर उन्हाळ्याची गोष्टच काढत नाहीत. गेल्या शनिवारी सिनेगॉगमध्ये रब्बींनी तिला नवं नाव दिलं: खाया, म्हणजे जिवंत. मृत्युदूत हन्नाला शोधत आला तर ती त्याला सापडू नये म्हणून. आता घरातही खायाच म्हणायचं.

तुझं कार्ड मी फाडणारच होते. आईने ते हातातून ओढून घेतलं. "अ‍ॅनेट, अ‍ॅनेट," असं तीनचारदा म्हणून पाहिलं.

"फ्रेडा, तोंड वाकडं करू नकोस," म्हणाली. "मला नवीन मिळालंय ना? जुनं पोरीला होईल."

आणि हसली! मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

राग तुझा आहेच, पण तिचा जास्त आहे. आम्ही ते नाव लपवून ठेवलं, आणि तिने ते खुशाल देऊन टाकलं. आता खाया म्हटलं तर ती ओ देत नाही. काल न राहवून मी हन्ना म्हटलं, तर म्हणाली, "ती मॉन्ट्रियलला असते."

पोरीला घेऊन लगेच नीघ.

तुझ्यावर रागावलेली, आणि आईला काय हाक मारावी ते न कळणारी,
फ्रेडा