दुसऱ्याचं दुखणं, माझ्या तोंडी

सान हेरोनिमो, ३ मार्च १९९८

चि. फिदेन्सिओस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. तुझंच काय ते कळव. आपल्या गावची एर्मिला म्हणे सालिनासच्या दवाखान्यात दाराबाहेर बसली होती. आत तू डॉक्टरीणबाईंना इंग्रजीत सांगत होतास, मला परमा झालाय, तो गुप्तरोग, बायकोला कसं सांगू? तिनं लगेच गावी फोन केला. मारिक्रूसची आई म्हणते, तुमचं लग्न मोडलं! आणि बायको कुठली रे, मेल्या? गिरणीत मका दळायला गेले तर सगळ्या बाया पाठ फिरवतात. मारिक्रूस तेवढी म्हणते, आधी त्याचं ऐकू.

अजून तरी तुझ्याच बाजूची,
यूलालिया मावशी

सालिनास, १४ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. मला परमा नाही, बायकोही नाही. आम्हा दुभाष्यांची रीतच तशी. रोगी स्पॅनिशमध्ये 'मला' म्हणाला की मीही इंग्रजीत 'मला'च म्हणायचं. 'हा म्हणतो' असं मध्ये घुसायचं नाही. त्यामुळे सोमवारपासून मला तीनदा गरमी झाली, आणि दोनदा मी गरोदर होतो.

सहावीत शाळा सुटलेला मी. रोगांची नावं दोन्ही भाषांत वहीत शुद्ध लिहून पाठ करतो. चुकलो तर कुणाला भलतंच औषध जायचं. दार नीट लागलंय का, तेवढं पाहायचं राहिलं. आता दोनदा ओढून पाहतो.

तो माणूस कोण, ते विचारू नकोस. लग्न मोडलं तरी सांगणार नाही. इथे एक वाक्य लिहून खोडलं आहे. उजेडात धरून वाचू नये. माझी स्वतःची तपासणी करून घेतली, कागद सोबत आहे.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझा,
फिदेन्सिओ

सान हेरोनिमो, २९ मार्च

चि. फिदेन्सिओस अनेक आशीर्वाद.

पत्र आणि कागद, दोन्ही गिरणीत मोठ्यानं वाचले. 'दोनदा गरोदर' ऐकून बाया पोट धरून हसल्या. मारिक्रूसच्या आईनं ते खोडलेलं वाक्य उन्हात धरलं, चष्मा लावून पाहिलं, उलटं करून पाहिलं. एक अक्षर लागेल तर शपथ! म्हणाली, आमच्या घरची भांडणंसुद्धा याच्या पोटात राहतील. लग्नाची मे महिन्यातली तारीख कायम. लग्नाच्या जेवणातल्या मोलेसाठी, त्या मिरचीच्या दाट रश्श्यासाठी, टर्की पोसायला घेतली आहे.

मारिक्रूसचा निरोप असा, की पाद्रीबाबांपुढे 'मी हिला वरतो' म्हणशील, तेव्हा तरी स्वतःचंच बोल.

टर्कीसकट वाट पाहणारी,
यूलालिया मावशी