दुपारच्या गप्पा नावाची फाइल

१७ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. दोन वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. आम्ही मजेत आहोत, म्हणजे मांजर सोडून सगळ्यांना सर्दी आहे. तुझी कंबर कशी आहे? वहिनीला माझी आठवण सांग, तिला चालणार असेल तर.

मला ऑफिसात नवं काम मिळालंय. चाळीस जणांना खोट्या लिंकांपासून वाचवायचं. कुणीतरी मेल पाठवतं, 'फाइल मोठी आहे, या लिंकवरून उतरवून घ्या.' माणूस उतरवून घेतो आणि फाइलसोबत चोर घरात. म्हणून अधूनमधून मीच एक खोटी लिंक पाठवून परीक्षा घेते. परवा 'पगारवाढीची यादी' पाठवली. एकतीस जण फसले. मोठे साहेब तर माझ्या टेबलाशी आले. "अहो मॅडम, ती यादी उघडतच नाही. तीनदा दाबलं. परत पाठवता का?"

मग सगळ्यांना हॉलमध्ये बसवून वर्ग घेतला. नियम एकच सांगितला: लिंक आली की पाठवणाऱ्याला दुसऱ्या वाटेने विचारा. फोन करा, जिना चढून जा, पण विचारा. नमुना म्हणून मला तीन आठवड्यांपूर्वी अनोळखी पत्त्यावरून आलेल्या मेलचा फोटो पडद्यावर दाखवला. 'आईचा आवाज आहे. दुपारच्या गप्पा. ऐकून बघ. दादा.' खाली लिंक.

हो, तोच, तू पाठवलेला.

"बघा," मी म्हटलं, "नातं वापरलंय, भावना वापरल्यात." सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात रिसेप्शनवरच्या ताई म्हणाल्या, "मग भाऊ काय म्हणाले?"

"कशाबद्दल?"

"फोन केलात ना त्यांना? आत्ताच तर नियम सांगितलात!"

हॉलभर हशा. साहेब सगळ्यात जोरात. मीही हसले, पण कान तापले होते.

मी विचारलं नव्हतं, दादा. तुझा नंबर मीच बंद करून ठेवला होता. मेल धोकादायक म्हणून नोंदवला आणि पुसून टाकला. खरं सांगू? तो खोटा असणं मला सोयीचं होतं. खरा निघाला असता, तर तू आईजवळ बसत होतास असं झालं असतं.

शेवटच्या आजारपणात आई म्हणायची, "आज दादा येऊन गेला." मी संध्याकाळी ऑफिसातून यायचे आणि तिला भास होतात असं समजून नुसतं "हो हो" करायचे. आणि ती गेल्यावर सगळ्या नातेवाइकांसमोर तुला म्हणाले की तू एकदाही फिरकला नाहीस. तू चपला घालून निघून गेलास.

वर्ग संपल्यावर आईला सांभाळणाऱ्या नर्सबाईंना फोन लावला. "हो की! मंगळवारी, शुक्रवारी दुपारी यायचे. आजींना इतकं हसवायचे! मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे."

मग त्या दिवशी हजर असलेल्या आठही जणांना फोन करून सांगितलं, माझं चुकलं, तो येत होता. मावशी म्हणाली, "आम्हाला काय सांगत सुटलीस? त्याला सांग की, शहाणे!"

तर सांगते. मी खोटं बोलले नव्हते, पण विचारलंही नव्हतं. मग यात माझा दोष किती, यावर डायरीची सहा पानं भरली. हाती लागलं ते एवढंच: मला माफ कर.

फोटोत बघून ती लिंक टाइप केली, पण तिची मुदत संपली आहे. फाइल अजून तुझ्याजवळ असेल तर पुन्हा पाठवू नकोस. रविवारी मी तुझ्याकडे येते आहे. ऐकवावीशी वाटली तर ऐकव. नाही वाटली, तर नुसती बसेन.

आईचं आणि तुझं, दोघांचंही ऐकायचं राहून गेलेली,
तुझी धाकटी