मागे ऐकू येतंय का?

३ जानेवारी
संकल्प तीन दिवस उशिरा, पण ठाम. विमानाचं लायसन्स काढायचं, हिला शेजारी बसवून एक चक्कर मारायची आणि हिच्या तोंडून एकदा तरी 'छान' ऐकायचं. तिसरं सगळ्यात अवघड. चष्म्याचं दुकान शून्यातून उभं केलं, तेव्हाही ही म्हणाली, बरंय. मुलीचं लग्न एकहाती पार पाडलं. बरंय.

९ जानेवारी
फ्लाइंग क्लब. आज ऑडिओ पॅनेल. रेडिओच्या वर बटणांची एक पट्टी असते, विमानतळाच्या टॉवरशी कोण बोलणार आणि विमानात कोणाला कोणाचं ऐकू येणार हे तिच्यावर ठरतं. इंजिनाच्या आवाजात हेडसेट आणि इंटरकॉमशिवाय शेजारच्याचंही काही कळत नाही. शिकवणाऱ्या कॅप्टन बाई म्हणाल्या, तुम्ही समोर बघा, पॅनेल सध्या माझ्याकडे राहू द्या. का? असं काय आहे त्यात?

शिवाय त्यांचा नियम: उडण्याआधी दर वेळी मोठ्याने विचारायचं, मागे ऐकू येतंय का? शेजारी ऐकू येतंय का? प्रत्येकाने हो म्हणायचं. मी काय हजेरी घेणारा मास्तर आहे?

मागच्या सीटवर दुसरा विद्यार्थी. डेंटिस्ट. कारण नसताना दात दाखवतो. धंद्याची जाहिरात असावी.

१७ जानेवारी
बोलताना हँडलवरचं बटण दाबायचं असा माझा समज होता. दाबून म्हणालो, बाईंचा आवाज आमच्या शाळेतल्या घंटेसारखा आहे. उत्तर टॉवरने दिलं. म्हणाले, मेसेज मिळाला, बाईंना कळवू का?
टॉवरला दुसऱ्यांच्या बोलण्यात नाक खुपसायची सवय दिसते. नोंद घेतली आहे.

२४ जानेवारी
सापडलं! पॅनेलवरचं 'आयसोलेट'. दाबलं आणि डेंटिस्ट एकदम बंद. तोंड हलतंय, आवाज नाही. बाईंचंही तेच. फक्त टॉवर. काय शांतता! सगळ्यांची वाचा बंद करणारं बटण, आणि बाईंनी ते इतके दिवस लपवलं.

मग डेंटिस्टचं तोंड हललं आणि बाई खो खो हसल्या. ऐकू न येता कशा हसल्या? ओठ वाचत असणार. डेंटिस्टची संगत, दुसरं काय.

बाईंनी हात लांबवून बटण सोडवलं. त्याच क्षणी दोघंही हवामानावर बोलू लागले. चोराच्या मनात चांदणं! बाई पुढे बटणाबद्दल बरंच समजावत होत्या, पण त्या कशाला हसल्या हे आठवण्यात माझं लक्ष गेलं.

२ फेब्रुवारी
उतरताना विमान किंचित गवतात गेलं. किंचितच. धावपट्टी तिथे अरुंद आहे, हे आधी कोणी सांगायला नको? घरी हिने बुटांवरचं गवत पाहिलं. म्हणालो, क्लबच्या बागेत फिरत होतो. ही म्हणाली, बरंय.
डेंटिस्टला मागे बसून सगळं दिसलं. बाहेर पडताना गोड हसला. याच्यावर नजर ठेवायला हवी.

२० फेब्रुवारी
लायसन्स मिळालं!! परीक्षक म्हणाले, पॅनेलचा एकदा नीट अभ्यास करा. बाईंनी त्यांचे कान भरलेले दिसतात.
ही यायला तयार झाली. १ मार्चला, रविवारी.

२६ फेब्रुवारी
घात. डेंटिस्टने विचारलं, मागची सीट रिकामी आहे तर मीही येऊ का? दुकानात येऊन, हिच्यासमोर विचारलं! ही लगेच म्हणाली, या की. आता हा हवेत जाऊन गवताचं प्रकरण काढणार आणि माझ्या 'छान'ची माती होणार.
उपाय ठरला आहे. आयसोलेट. वर गेल्या गेल्या.

१ मार्च, दुपार
फत्ते! हजेरी घेतलीच नाही, फुकट त्यांना बोलायची आठवण कशाला? उडालो, बटण दाबलं, शांतता. डेंटिस्ट पुढे वाकून तोंड हलवतोय, हलवतोय. बोल बाबा, पोटभर बोल. मनातल्या मनात इतका हसलो.

ही पण हसत होती, अगदी डोळे पुसेपर्यंत. उंचीमुळे होतं काही जणांना.

तलावावरून वळताना ही माझ्याकडे तोंड करून बराच वेळ ओठ हलवत होती. माझ्या दंडावर हात ठेवला. गॅस बंद केला का, नळ नीट बंद झाला का, हेच असणार. मी हातानेच सांगितलं, नंतर बघू, आणि पुढे बघत राहिलो. पायलटने पुढेच बघायचं असतं. ती खिडकीकडे वळली.

उतरलो बरोब्बर धावपट्टीच्या मधोमध.

१ मार्च, संध्याकाळ
क्लबात बाईंना फत्ते सांगितली. बाई कपाळाला हात लावून बसल्या. म्हणाल्या, अहो, ते बटण फक्त पायलटला वेगळं काढतं. बाकीचे आपापसात मजेत बोलतात.
विश्वास बसेना. विमानात जाऊन पॅनेलवर वाचलं. तसंच लिहिलंय.

डेंटिस्टला गाठलं. म्हणाला, हो, गवताचं मी सांगितलं, पण वहिनींना ते आधीच माहीत होतं. बुटांवरून ओळखलं म्हणाल्या, खूप हसल्या. मग तुमच्याकडे वळून बोलायला लागल्या. काय बोलल्या? ते तुमच्यासाठी होतं हो, मी बाहेर बघत बसलो. पण सुरुवात 'छान'पासून झाली, एवढं कानावर आलं.

हसला नाही. पहिल्यांदाच त्याचे दात दिसले नाहीत.

२ मार्च
हिला विचारलं, काल वर काय म्हणत होतीस? ही भाजी चिरत होती. म्हणाली, तुम्हीच हाताने सांगितलंत ना, नंतर बघू. मग नंतर बघू.
म्हणालो, अगं, मला ऐकू येत नव्हतं. म्हणाली, ते तर मला लग्नापासून माहीत आहे.

३ मार्च
नवा संकल्प. बोलण्याआधी हजेरी. बाहेरच्या खोलीतून मोठ्याने विचारलं, आत ऐकू येतंय का?
हिने मिक्सर लावला.